दूध तुटलेले मूल : बाळंतिणीच्या घराविषयी एक धडा



घरात बाळ जन्मले म्हणजे सर्वांची पावले बाळंतिणीच्या खाटेकडे वळतात. शेजारीण अळिवाची खीर घेऊन येते, मावशी झबले-टोपडे आणते, आणि येणारा प्रत्येक जण पाळण्यात डोकावून बाळाचे नाक आईवर गेले की बापावर, ह्याचा निवाडा करून परत जातो. ह्यात वावगे काही नाही. परंतु त्याच वेळी त्या घराच्या उंबऱ्यावर दीड वर्षाचे एक मूल तोंडात बोट घालून बसलेले असते आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. काही महिन्यांपूर्वीपर्यंत आईचा पदर त्याचा होता. आता तो दुसऱ्यावर पांघरला गेला आहे. ह्या आठवड्याच्या धड्याचा विषय पाळण्यातील बाळ नसून उंबऱ्यावरील हे मूल होय.

धडा सोपा व्हावा म्हणून एक घर डोळ्यांपुढे आणू. बाप सकाळी मजुरीस जातो. आई बाळंत होऊन दहा दिवस झाले आहेत. थोरली मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. तिच्या पाठचा मुलगा चार वर्षांचा. तो अंगणवाडीत जातो. तिसरे मूल दीड वर्षाचे, आणि चौथे हे पाळण्यातील. घरात आजी आहे, पण तिचे डोळे अधू झाले आहेत. हे घर कोणा एकाचे नव्हे. आपल्या गावात अशी घरे किती आहेत हे तुम्हीच बोटांवर मोजावे, आणि पुढील मजकूर त्या घरांशी ताडून पाहावा.

१. पाळण्यातील बाळाच्या गरजा

नव्या बाळाच्या गरजा मोठ्या महत्त्वाच्या आहेत, परंतु त्या मोजक्या आहेत. त्यास ऊब पाहिजे, आईचे दूध पाहिजे, स्वच्छता पाहिजे, आणि दुखणे लवकर ओळखणारे डोळे पाहिजेत. ह्या चार गोष्टींव्यतिरिक्त आपण जे काही करतो त्यापैकी पुष्कळसे निरुपयोगी, आणि काही तर घातक असते.

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आत त्यास आईच्या अंगावर पाजावे. पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येते ते पिळून टाकू नये. रोगांपासून बाळाचे रक्षण करणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून त्यास काहीही देऊ नये. मध नको, गुटी नको, साखरेचे पाणी नको, आणि उन्हाळ्यात साधे पाणीही नको. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळ पिते. पहिला आठवडा उलटल्यावर त्याने दिवसाकाठी सहा वेळा अथवा अधिक वेळा लघवी केली, तर त्याचे पोट भरत आहे असे समजावे. पहिल्या चोवीस तासांत बाळास न्हाऊ घालू नये; पुसून कोरडे करून आईच्या छातीशी धरावे. नाळेवर हळद, राख वा तेल लावू नये. डोळ्यांत काजळ घालू नये. दारे-खिडक्या लावून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल तर सोडूनच द्यावी, कारण बंद खोलीतील त्या विषारी वायूने आई व बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.

बाळ प्यावयाचे सोडील, त्याचे अंग थंड किंवा तापलेले लागेल, एका मिनिटात साठ वा अधिक वेळा श्वास घेईल, श्वास घेताना छाती आत ओढली जाईल, झटके येतील, किंवा बेंबीतून पू येईल, तर उद्याची वाट न पाहता त्यास दवाखान्यात न्यावे. ही लक्षणे ओळखण्यास फार मोठी विद्या लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग ह्यांनी खेड्यांतील स्त्रियांसच हे काम शिकविले. त्या स्त्रिया घरोघर जाऊन बाळाचे वजन घेत, त्यास उबेत ठेवावयास शिकवीत, आणि दुखणे ओळखून औषध देत. त्या ३९ गावांत पूर्वी जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. तीन वर्षांत ती संख्या सुमारे २६ वर आली. ही हकिकत १९९९ साली प्रसिद्ध झाली. पुढे हिंदुस्थान सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्तींच्या द्वारे देशभर सुरू केली. म्हणून आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी दारी येते तेव्हा तिला केवळ नोंद करणारी समजून उभ्याउभ्या वाटेस लावू नये. तिला आत बोलवावे, आणि तिच्यासमोर बाळाचे सर्व कपडे काढून दाखवावे.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. बाळाला लागते ते बहुतेक एकटी आईच देऊ शकते. घरातील इतर माणसांनी बाळासाठी करण्यासारखे मुख्य काम म्हणजे आईच्या डोक्यावरील बाकीची कामे उचलणे. आणि त्या बाकीच्या कामांत पहिले काम उंबऱ्यावरील मुलाचे आहे.

२. उंबऱ्यावरील मुलाची भूक

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आज ज्यास घाना म्हणतात, त्या देशास पूर्वी गोल्ड कोस्ट हे नाव होते. तेथे सिसिली विल्यम्स नावाच्या एक डॉक्टरीणबाई लहान मुलांवर उपचार करीत असत. त्यांच्यापुढे एकाच प्रकारची मुले वारंवार येऊ लागली. ती साधारण एक ते चार वर्षांची असत. त्यांचे हातपाय सुजलेले, चेहरा फुगलेला, केस विरळ व तांबूस झालेले, आणि कातडीवर काळपट चट्टे पडून साल सुटत असे. मुले सदा किरकिर करीत आणि खावयास दिलेले दूर लोटीत. त्यांपैकी पुष्कळ मरत. इतर डॉक्टर ह्यास दुसराच कोणता तरी रोग समजत; परंतु विल्यम्सबाईंनी गावच्या आयांस विचारले की, तुम्ही ह्यास काय म्हणता? त्या देशातील गा भाषेत त्यास क्वाशिओर्कोर असे नाव होते. नवे बाळ आले म्हणजे वरच्या मुलास जडणारे दुखणे, असा त्याचा अर्थ त्या आयांनी सांगितला. विल्यम्सबाईंनी १९३३ साली ह्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९३५ साली तेच नाव डॉक्टरांच्या शास्त्रात आणले. आज जगभर ते नाव चालते.

नावाचा अर्थ नीट लक्षात घ्या. त्या आयांस पुस्तकी विद्या नव्हती, परंतु रोग कोणाला होतो आणि केव्हा होतो हे त्यांनी अचूक पाहिले होते. आईस दिवस गेले की अंगावरचे मूल तोडले जाई. मग त्याच्या वाट्यास मक्याची पातळ पेज येई. पोट भरल्यासारखे दिसे, पण अंग धरण्यास लागणारे सत्त्व त्या पेजेत नसे. त्यातच जुलाब किंवा गोवर झाला म्हणजे मूल झपाट्याने ढासळे.

आपल्याकडे मक्याच्या पेजेची जागा चहा-बिस्किटाने घेतली आहे. सकाळी रडणाऱ्या मुलाच्या हातात बिस्किट देऊन गप्प बसविले, दुपारी भाताची पेज, संध्याकाळी मोठ्यांच्या ताटातील चार तिखट घास. असा आपल्या घरातील दीड वर्षाच्या मुलाचा दिवस जातो. ते वाळले तर आपण म्हणतो, दूध तुटले म्हणून उतरले आहे, पुढे भरेल. ते सुजले तर म्हणतो, अंगाने भरले. हा समज सर्वांत वाईट, कारण सुजेलाच बाळसे समजून आपण स्वस्थ बसतो. म्हणून आज घरी गेल्यावर ही परीक्षा करा. मुलाच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूस अंगठा ठेवून एक-दोन-तीन म्हणेपर्यंत दाबा. अंगठा काढल्यावर दोन्ही पावलांवर खळगा तसाच राहिला, तर त्या मुलास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजण्याची पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरांहून कमी भरला तर ते मूल कुपोषित आहे, आणि साडेअकराहून कमी भरला तर त्याच्या जिवास धोका आहे.

आता उपाय पाहू. पहिला उपाय असा की, दूध घाईने तोडू नये. गर्भ राहिला म्हणजे आईचे दूध नासते, हा समज खरा नाही. आईची प्रकृती ठीक असेल, पूर्वी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झाले नसेल व रक्तस्राव होत नसेल, तर गरोदरपणीही ती वरच्या मुलास पाजू शकते. शंका असल्यास डॉक्टरांस विचारावे. नवे बाळ आल्यावर त्यास आधी पाजून मागाहून वरच्यासही अंगावर घेता येते. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत व त्यापुढेही आईचे दूध त्याच्या उपयोगी पडते. मात्र अशा आईस स्वतःला पोटभर जेवण मिळालेच पाहिजे. बाळंतिणीस पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवणे म्हणजे एका वेळी तिघांस उपाशी ठेवणे होय.

दुसरा उपाय असा की, ह्या मुलास दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ द्यावा. त्यासाठी बाजारातील डब्याची गरज नाही. वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, मुगाच्या डाळीची घट्ट खिचडी, उकडलेले अंडे, केळे, शेंगदाण्याचे बारीक कूट घातलेली भाजी आणि प्रत्येक जेवणावर चमचाभर तेल किंवा तूप, एवढे पुरे. वरणाचे नुसते पाणी देऊ नये; खालची डाळ द्यावी.

तिसरा उपाय अगदी लहान आहे, पण त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. ह्या मुलाची वाटी वेगळी असावी. चौघे एका परातीत जेवू लागले म्हणजे मोठे भराभर जेवतात आणि धाकटा मागे राहतो. तो किती जेवला हे कोणास कळत नाही. वेगळी वाटी असली म्हणजे ती रिकामी झाली की भरलेलीच राहिली, हे आंधळ्या आजीलाही हात लावून समजते.

३. दिवसाची वाटणी

बाळंतिणीच्या घरात कामे आठवतील तशी करू म्हटल्यास सर्व भार आईवर पडतो, आणि उंबऱ्यावरील मूल शेवटी उरते. म्हणून दिवस वाटून घ्यावा. पाणी भरणे व चूल पेटविणे हे कामावर जाण्यापूर्वी बापाने करावे. त्यात कमीपणा नाही. त्याच वेळी दीड वर्षाच्या मुलास आपल्या मांडीवर घेऊन त्याचे पहिले जेवण त्याने स्वतः भरवावे. आईची मांडी गुंतली असता बापाची मांडी मोकळी असते, ही साधी गोष्ट पुष्कळ घरांत कोणाच्या ध्यानातच येत नाही.

सकाळी चार वर्षांच्या मुलास अंगणवाडीत पोहोचवावे. तेथे त्यास आहार मिळतो आणि घरातील गलका कमी होतो. दीड वर्षाच्या मुलाचा घरी न्यावयाचा आहारही तेथूनच मिळतो. तो वेळेवर आणावा, आणि ज्याच्या नावाचा आहे त्यालाच द्यावा. दुपारी बाळ झोपले म्हणजे आईने धुण्यास उठू नये. तिनेही आडवे व्हावे आणि वरच्या मुलास जवळ घ्यावे. धुणे शेजारणीने आठ दिवस केले तर तिचे काही बिघडत नाही. उद्या तिच्या घरी हीच वेळ येणार आहे. रात्री बाळास उताणे निजवावे, आणि वरच्या मुलास त्याच्या अंगावर हातपाय पडणार नाहीत इतक्या अंतरावर, शक्य तर बापाच्या कुशीत निजवावे.

४. रुसवा

भूक भागली तरी ह्या मुलाचे दुःख संपत नाही. शी-शू सांगणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, बोलणारे मूल बोबडे बोलू लागते, बाळाला चिमटा काढते, आई पाजावयास बसली की नेमके त्याच वेळी पडते व रडते. आपण म्हणतो, हट्टी झाले. परंतु मोठ्या माणसाची जागा एका रात्रीत दुसऱ्यास दिली तर तो कोर्टात जातो. ह्या मुलास रडण्यावाचून दुसरे कोर्ट नाही.

ह्या वेळी त्यास मारू नये. तू आता मोठा झालास असेही वारंवार म्हणू नये. दीड वर्षाचे मूल मोठे नसते. आणखी एक वाईट खोड आपल्या गावांत आहे. पाहावयास आलेली माणसे थट्टेने म्हणतात, आता तुझी आई बाळाची झाली, तुला कोण विचारतो? माणसे हसतात, पण मुलास ते खरे वाटते. ही थट्टा जो कोणी करील त्यास घरच्या वडील माणसाने तेथेच थांबवावे. आईने दिवसातून एकदा, दहा मिनिटे का होईना, बाळ दुसऱ्याच्या हाती देऊन वरच्या मुलास एकट्याला मांडीवर घ्यावे. बाळाचे दुपटे आणून देणे, पाळण्याची दोरी आईबरोबर धरणे, अशी लहान कामे त्यास द्यावी आणि केल्यावर शाबासकी द्यावी. तथापि बाळाजवळ त्यास एकटे कधीही सोडू नये; प्रेमाने भरविलेला शेंगदाणाही बाळाच्या घशात अडकतो.

५. थोरली मुलगी

आता तिसरीतल्या मुलीविषयी. बाळंतपण झाले की घरात पहिला निर्णय होतो तो असा की, पोरीने काही दिवस शाळेत जाऊ नये. काही दिवसांचा महिना होतो, महिन्याची सहामाही होते, आणि पुढे ती शाळेत गेलीच तरी मागे पडल्यामुळे लाजून मागच्या बाकावर बसते. एक मूल अंगावरून तुटते आणि दुसरे शाळेवरून तुटते. दोघांचेही नुकसान मुकाट्याने होते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे असा कायदा २००९ साली झाला आहे. पण कायदा आपल्या घरातील झोळी हलवावयास येत नाही. ती व्यवस्था आपणच केली पाहिजे.

नदीकाठच्या लव्हाळ्यांत तान्हा मोशे ठेवला होता तेव्हा त्याची बहीण दूर उभी राहून त्याच्यावर नजर ठेवीत होती, ही गोष्ट आपण मुलांस नेहमी सांगतो. ती कशी संपते हेही सांगावे. त्या मुलीने बाळ स्वतः वाढविले नाही. तिने धावत जाऊन आईस बोलाविले, आणि बाळ आईच्या हाती गेले. बहिणीने घटकाभर नजर ठेवावी, आणि आई-बापांनी आई-बापांचे काम करावे. शाळेतून आल्यावर आठ वर्षांच्या मुलीने धाकट्यास खेळविले, कपडे घड्या घातले, आजीस पाणी दिले, तर ते तिच्या वयास शोभते. तिच्या कडेवर दिवसभर मूल देणे, चुलीपुढे तिला एकटी बसविणे, हे शोभत नाही.

६. दोन मुलांतील अंतर

वर सांगितलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. आपल्या घरातील तिसऱ्या व चौथ्या मुलांत दीड वर्षाचेच अंतर आहे. एक बाळंतपण झाल्यावर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी निदान दोन वर्षे जाऊ द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दोन मुलांच्या वयांत पावणेतीन वर्षांच्या आसपास अंतर पडते. तेवढ्यात आईच्या अंगात पुन्हा रक्त भरते, आणि वरचे मूल स्वतःच्या हाताने जेवू लागते. ह्याविषयी नवराबायकोने बाळंतिणीच्या खाटेशीच मोकळेपणाने बोलावे, आणि दोघांनी मिळून परिचारिकेचा सल्ला घ्यावा. हा विषय लाजेचा नाही. उंबऱ्यावरील मूल सुजलेले असता त्याकडे न पाहणे, ही लाजेची गोष्ट आहे.

शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. ह्या आठवड्यात तुम्ही कोणाच्या घरी बाळ पाहावयास जाल तेव्हा पाळण्यात डोकावण्यापूर्वी उंबऱ्यावरील मुलास उचलून घ्या. त्याचे नाव विचारा. सकाळपासून त्याने काय खाल्ले हे विचारा, आणि त्याच्या पावलांकडे एकदा पाहा. बाळासाठी झबले नेणार असाल तर त्याच्यासाठी दोन अंडी न्या.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गावात सध्या बाळंतिणीची घरे किती आहेत? त्या प्रत्येक घरातील वरचे मूल किती वर्षांचे आहे?

२. क्वाशिओर्कोर ह्या नावाचा अर्थ काय? त्या आयांनी कोणती गोष्ट अचूक ओळखली होती?

३. मूल बाळसे धरीत आहे की सुजले आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

४. ह्या मुलाची वाटी वेगळी का असावी?

५. धाकट्या भावंडामुळे शाळा सुटलेली मुलगी तुमच्या ओळखीत आहे काय? तिच्या घरच्यांशी ह्या आठवड्यात कोण बोलेल?